मोहरा: दोन हिरो, एक आंधळा शेठ आणि पुढची तीस वर्षं

१ जुलै १९९४ ला ‘मोहरा’ लागला. त्या वर्षी कमाईत त्याच्या पुढे गेलेला हिंदी पिक्चर एकच, ‘हम आपके हैं कौन’. तिकडे लग्नघर, दिवाणखाना, चौदा गाणी. इकडे तुरुंग, गर्द आणि मशीनगन. पुढच्या पाच वर्षांत हिंदी सिनेमा पहिल्या वाटेनं गेला आणि मारधाडीचे पिक्चर हळूहळू सिंगल स्क्रीनपुरते उरले. त्यातले बरेचसे आज बघवत नाहीत. ‘मोहरा’ मात्र अजून बघवतो, आणि त्याचं कारण स्फोटांमध्ये नाही. कुणाला कुणासमोर उभं करायचं आणि कुणाच्या अंगात काय आहे, याचा हिशेब दिग्दर्शक राजीव रायनं नीट केला होता.

आपल्या भागात, म्हणजे बेळगावच्या सीमाभागात, हा पिक्चर कसा पोचला ते आधी सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण पिक्चरच्या धंद्यानं ती रेघ मानली नाही. वितरणाच्या हिशेबात बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हा जुन्या मुंबई इलाख्याचा पट्टा मुंबई सर्किटमध्येच, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागातच, राहिला. गुलबर्गा-बिदर निजाम सर्किटकडे, बंगळूर-म्हैसूर वेगळ्या सर्किटकडे. कर्नाटकात दुसऱ्या भाषेतले पिक्चर कन्नडमध्ये डब करायला साठच्या दशकापासून विरोध होता, त्यामुळे हिंदी पिक्चर हिंदीतच लागायचा. बेळगावात ग्लोब, चित्रा, प्रकाश अशा टॉकीजमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी शेजारी बसून एकच हिंदी संवाद ऐकत.

जिल्ह्याच्या गावी बघितलेला पिक्चर आणि तालुक्याच्या गावी बघितलेला पिक्चर मात्र एकच नसायचा. ३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. तीन तासांच्या पिक्चरला १६,२०० फूट फिल्म लागते, जवळजवळ पाच किलोमीटर. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. ते संपताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, तेव्हा ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करतो. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदली. पहिला ठिपका चुकला तर पडदा पांढरा पडतो आणि शिट्ट्या सुरू होतात.

फिल्मला चरे पडतात ते रिळाच्या दोन टोकांना सगळ्यात जास्त, कारण मशीनमध्ये ओवताना हात तिथेच लागतो. फिल्म तुटली की दोन्हीकडच्या खराब फ्रेम कापून जोड द्यायचा. दर जोडाला थोड्या फ्रेम कायमच्या गेल्या. मोठ्या शहरात दोनेक महिने चाललेली प्रिंट निपाणी, चिकोडी, खानापूरला येईपर्यंत रिळाच्या तोंडाशी असलेले संवाद अर्धवट झालेले असायचे. त्यात जुन्या मशीनमध्ये उजेड कार्बनच्या कांड्यांचा. कांडी जळेल तशी पुढे सरकवत राहायची, अंतर वाढलं की पडदा अंधारतो. ‘मोहरा’तले रात्रीचे प्रसंग ज्यांना नुसते काळे आठवतात, त्यांनी कॅमेरामनला नावं ठेवू नयेत.

आता पिक्चरकडे. रोमा (रवीना टंडन) ही पत्रकार तुरुंगात जाते, तिथे तिच्यावर हल्ला होतो आणि विशाल अग्निहोत्री (सुनील शेट्टी) हा खुनाची शिक्षा भोगणारा कैदी तिला वाचवतो. तिच्या वर्तमानपत्राचा मालक जिंदाल (नसिरुद्दीन शाह), जो आंधळा आहे, विशालच्या सुटकेसाठी वजन खर्च करतो. सुटल्यावर त्याच्या रागाला तो दिशा देतो: गर्दचा धंदा करणाऱ्यांना संपव. दुसऱ्या बाजूनं इन्स्पेक्टर अमर सक्सेना (अक्षय कुमार) याच खुनांचा माग काढतो. शेवटी कळतं की जिंदाल आंधळाही नाही आणि भला माणूसही नाही; विशालच्या हातून तो आपले प्रतिस्पर्धी साफ करून घेत होता. तीस वर्षांनी हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

या कथेत दोन हिरो आहेत आणि दोघांची मारामारी वेगळी आहे, हे फार कमी लिहिलं जातं. अक्षय कुमारचं शिक्षण तायक्वांदोचं, पुढे बँकॉकला मुए थाई. त्याची ताकद पायात. लाथ दाखवायची तर कॅमेऱ्याला मागे जावं लागतं, डोक्यापासून बुटापर्यंत माणूस चौकटीत घ्यावा लागतो आणि दोघांमध्ये सहा-सात फुटांची मोकळी जागा ठेवावी लागते. म्हणून अक्षयची मारामारी मोकळ्या जागेत शोभते. सुनील शेट्टीही किक बॉक्सिंग शिकलेला, पण पडद्यावर त्याचं काम छाती, खांदे आणि मान करतात. तो जवळून मारतो. कंबरेच्या वरची चौकट पुरते आणि अरुंद जागा त्याला मोठा करते. तुरुंगातला विशाल म्हणूनच भारी वाटतो. हे दोघे उलट वाटून दिले असते, इन्स्पेक्टर सुनील आणि कैदी अक्षय, तर निम्मा पिक्चर पडला असता.

ठोशाचं तंत्र तेव्हा सगळीकडे एकच होतं. मारणाऱ्याची मूठ आणि खाणाऱ्याचा जबडा यांच्यात वीतभर अंतर. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या पाठीमागे, म्हणजे ते अंतर दिसत नाही. मूठ जबड्याच्या रेषेवर आली की समोरच्यानं मान झटकायची. आधी झटकली तर खोटं, उशिरा झटकली तर त्याहून खोटं. आवाज नंतर स्टुडिओत भरायचा. कॅमेरा चुकून बाजूला गेला की अंतर उघडं पडतं; घाईत शूट केलेल्या पिक्चरमध्ये असे ठोसे डझनानं सापडतात.

वेग वाढवायला कॅमेरा हळू चालवायचा. सेकंदाला २२ फ्रेमवर घेतलेलं दृश्य २४ नं दाखवलं की नऊ टक्के वेगवान होतं, २० वर घेतलं तर वीस टक्के. २२ कळत नाही. २० ला हात भारी दिसतात, पण केस, शर्टाची टोकं आणि धूर चुगली करतात, कारण त्यांचा वेग डोळ्याला पाठ असतो. म्हणून लांब केसांच्या आणि सैल कपड्यांच्या गुंडांना घेऊन असं करणं धोक्याचं. उलट उडी किंवा स्फोट ४८ किंवा ९६ फ्रेमवर घेतात. एक सेकंदाची झेप दोन किंवा चार सेकंद टिकते.

उंचावरून पडायचं तर खाली रिकामी पुठ्ठ्याची खोकी. ती नुसती रचून चालत नाही. कडा थोड्या कापून ठेवायच्या, म्हणजे दाब पडला की हवा बाहेर निघते. हवा अडकली तर खोकं माणसाला परत उडवतं. सगळ्या रचाईला दोरी बांधायची, नाहीतर पहिल्याच धक्क्याला खोकी बाजूला सरकतात आणि माणूस थेट जमिनीवर. वर गाद्या. फुटायची काच साखरेची असेल तर साखर, पाणी आणि ग्लुकोजचा पाक दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन सपाट ओतायचा. यात आपल्याकडचा शत्रू पावसाळा. साखर दमट हवेतली ओल ओढते आणि तासाभरात काच चिकट होऊन लवायला लागते, फुटतच नाही. गोळी लागल्याचा परिणाम म्हणजे कपड्याच्या आत धातूची पट्टी, तिच्यावर छोटा बार, वर रक्ताची पिशवी, आणि तारेनं जोडलेली बॅटरी. तार ओली झाली की बार उडत नाही आणि नट मात्र आधीच कोसळलेला असतो.

संगणकानं पुसायची सोय तेव्हा हाताशी नव्हती. म्हणून नव्वदीच्या मारामारीत एक वजन आहे, आणि मला ते आजच्या मारामारीत फारसं सापडत नाही. पडणारा माणूस खरोखर पडलेला असतो.

आता पावसाचं गाणं. ‘टिप टिप बरसा पानी’ अलका याज्ञिक आणि उदित नारायणनं गायलं. त्याचं नाव ज्या कारणानं घेतलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रकाशयोजनेबद्दल कुणी बोलत नाही. समोरून उजेड टाकला तर पाऊस कॅमेऱ्याला दिसतच नाही, थेंब पारदर्शक. उजेड मागून किंवा मागच्या बाजूनं हवा, तेव्हा प्रत्येक थेंबाला कड येते. पण मागून उजेड आला की नटीचा चेहरा काळा पडतो, मग समोरून अगदी मंद दुसरा दिवा. तो जरा वाढला की पाऊस गायब. हे गणित संपूर्ण गाणंभर सांभाळावं लागतं. शूटिंग अर्धवट बांधलेल्या इमारतीत झालं आणि रवीनानं मुलाखतींमध्ये सांगितल्याप्रमाणे ती त्या दिवसांत आजारी होती आणि अनवाणी नाचत होती. गाण्यात तिची एकही हालचाल अडखळलेली दिसत नाही.

संगीत विजू शाहचं, कल्याणजींचा मुलगा. ‘तू चीज बडी है मस्त मस्त’ची मूळ प्रेरणा नुसरत फतेह अली खाँच्या कव्वालीची, हे लपून राहिलेलं नाही. पण उदित नारायण आणि कविता कृष्णमूर्तीच्या तोंडी तो जो सरगम येतो तो भीमपलास रागाचा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या आणि पलीकडे मल्लिकार्जुन मन्सूर-गंगूबाई हनगलांच्या मुलुखात तो कानाला लगेच कळतो, आणि मग ऱ्हिदम मशीनखालचं हे गाणं जरा वेगळं ऐकू येतं. ‘ना कजरे की धार’ तर जुनीच चाल: कल्याणजी-आनंदजींची, इंदीवरांच्या शब्दांची, मुकेशच्या आवाजात होऊनही प्रकाशित न झालेली. विजू शाहनं ती पंकज उधास आणि दाभोळच्या साधना सरगमकडून गाऊन घेतली. सुनील शेट्टी आणि पूनम झावर यांच्यावर ते चित्रित झालं. पूनमच्या वाट्याला पुढे फार काम आलं नाही. या एका गाण्यावर ती लोकांच्या लक्षात आहे.

रवीना या पिक्चरमध्ये मुळात नव्हतीच. दिव्या भारतीनं काम सुरू केलं होतं. राजीव रायच्याच ‘विश्वात्मा’तून (१९९२) ती हिंदीत आली, आणि सुनील शेट्टीच्या पहिल्या ‘बलवान’चीही (१९९२) नायिका तीच. ५ एप्रिल १९९३ ला ती गेली, वय १९. रोमाची भूमिका मग रवीनाकडे आली. तिच्यासाठी १९९४ हे वर्ष असं काही फिरलं की ‘दिलवाले’, ‘लाडला’, ‘मोहरा’ आणि ‘अंदाज अपना अपना’ एकाच वर्षात.

माझ्या मते या पिक्चरचा खरा कणा नसिरुद्दीन शाह आहे. हाणामारीच्या सिनेमात खुर्चीवर बसलेला माणूस सगळ्यांना हलवतो. त्यात एक गोष्ट मराठी प्रेक्षकाला जास्त जाणवावी: सई परांजप्यांच्या ‘स्पर्श’मध्ये नसीरनं अंधशाळेचा मुख्याध्यापक केला होता आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला होता. तिथला अंधपणा खरा. डोळे उघडे, पण नजर कुठेच न टेकणारी, कान पुढे. ‘मोहरा’त त्याला उलटं करायचं होतं: डोळस माणूस आंधळ्याचं सोंग घेतोय, आणि ते सोंग पहिल्यांदा बघणाऱ्याला पकडता येऊ नये, पण दुसऱ्यांदा बघताना पटावं. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जिंदाल बोलताना त्याची मान कुठे वळते एवढंच बघा. समोरचा बोलतोय आणि याचं डोकं आवाजाकडे किती लवकर वळतं, यातच सगळं आहे. ‘त्रिदेव’मध्येही (१९८९) राजीव रायनं नसीरला घेतलं होतं, पण तिथे त्याला नाचवलं. इथे बसवलं, आणि हे जास्त जमलं.

बाकी ताफा भक्कम. गुलशन ग्रोव्हरचा टायसन, रझा मुरादचा जिब्रान, सदाशिव अमरापूरकर, कुलभूषण खरबंदा. अमरापूरकर ‘अर्धसत्य’चा रामा शेट्टी आणि ‘सडक’ची महाराणी करून आलेले, इथे त्यांना त्या मानानं पोटभर काम मिळालं नाही, ही माझी तक्रार आहे. परेश रावल विनोदी पोलीस झाला. त्याच सुमारास त्याचा ‘सरदार’ आला आणि १९९३ च्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

आणि इथून पुढची गंमतीची नव्हे, अभ्यासाची गोष्ट. अक्षय आणि सुनील ‘वक्त हमारा है’मध्ये (१९९३) एकत्र होते, मग ‘मोहरा’, मग ‘सपूत’ (१९९६). नव्वदीच्या शेवटाला अक्षयचे मारधाडीचे पिक्चर ओळीनं पडत होते. ‘संघर्ष’ आणि ‘जानवर’नं (१९९९) त्याला थोडं सावरलं, आणि २००० च्या मार्चमध्ये ‘हेरा फेरी’ आला. अक्षय, सुनील, परेश रावल: ‘मोहरा’तलेच तिघे. बारकाईनं बघा, दिग्दर्शक प्रियदर्शननं दोघांच्या अंगाची जुनीच वाटणी वापरली आहे. अक्षय चपळ, सतत हलता. सुनील जड, एका जागी खिळलेला, आतून चिडलेला. जे मारामारीत चाललं तेच विनोदात चाललं, फक्त ठोसे काढून घेतले. त्याच वर्षी ‘धडकन’मधल्या खलछटेच्या भूमिकेसाठी सुनीलला फिल्मफेअर मिळालं. अक्षयला पुढे ‘रुस्तम’साठी (२०१६) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण कारकीर्द वाचवली ती ‘हेरा फेरी’नं.

राजीव रायचं मात्र वाईट झालं. ‘गुप्त’ (१९९७) चालला, काजोलला खलभूमिकेचं फिल्मफेअर मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच्यावर मारेकरी धाडले गेले. तो वाचला आणि परदेशी गेला. नंतरचे ‘प्यार इश्क और मोहब्बत’ (२००१) आणि ‘असंभव’ (२००४) दोन्ही चालले नाहीत. ऐन भरात असलेला दिग्दर्शक असा तुटणं हे हिंदी मारधाडपटाचं मोठं नुकसान आहे.

रवीनानं सगळ्यात लांबची मजल मारली असं मी म्हणेन. १९९९ मध्ये ‘शूल’, २००१ मध्ये कल्पना लाजमींच्या ‘दमन’साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०२३ मध्ये पद्मश्री. आणि सीमाभागातल्या प्रेक्षकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं: १९९९ मध्येच ती कन्नड ‘उपेंद्र’मध्ये आली आणि २०२२ मध्ये ‘केजीएफ चॅप्टर २’मध्ये पंतप्रधान रमिका सेन झाली. सुनील शेट्टी जन्मानं कर्नाटकातल्या किनाऱ्यावरच्या मुल्कीचा, पण कन्नड पडद्यावर ठसठशीत दिसला तो २०१९ च्या ‘पैलवान’मध्ये, कन्नड हिरो सुदीपला घडवणारा वस्ताद म्हणून. लाल मातीच्या तालमी ज्या पट्ट्यात अजून टिकून आहेत तिथे ती भूमिका नुसती बघितली जात नाही, पारखली जाते. वस्ताद पठ्ठ्याकडे बघताना हात मागे बांधून उभा राहतो की कमरेवर ठेवून, हे इथल्या माणसाला कळतं. सुनील त्या परीक्षेत उतरतो. बोलतो कमी, उभा बरोबर राहतो. १९९४ मध्ये यांचे पिक्चर मुंबई सर्किटमधून बेळगावला येत होते. आता त्यांना काम द्यायला बंगळूर बोलावतं आणि तो पिक्चर बेळगावात कन्नड आणि हिंदी दोन्ही भाषांत लागतो.

‘मोहरा’ आज बघणार असाल तर दोन-तीन गोष्टी तपासा. टीव्हीतली चित्र गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. मधल्या खोट्या फ्रेम घातल्या की २२ फ्रेमवर घेतलेली मारामारी बाहुल्यांची दिसते. चौकोनी पडद्यासाठी कडा कापलेली कॉपी असेल तर सोडून द्या, दोन हिरो समोरासमोर उभे राहिले की एकाचा खांदाच उरतो. लांबी बघा, पण वेळ कमी दिसली म्हणून लगेच कापाकापी झाली असं समजू नका. आपल्याकडचा जुना टीव्ही आणि कॅसेट सेकंदाला २५ फ्रेमवर चालायचे. २४ ची फिल्म २५ नं पळवली की तीन तासांतली सात मिनिटं अशीच कमी होतात. ओळखायची खूण गाण्यात आहे: ‘ना कजरे की धार’मध्ये पंकज उधासचा आवाज नेहमीपेक्षा बारीक लागला, तर ती कॉपी त्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली आहे.